कुडापलीकडची सरासरी

तुळशीराम गुरुजीला मिशा नव्हत्या, आणि त्याचं कारण गणित होतं.

त्यानं मिशा ठेवल्या होत्या, अगदी झोकदार. एका रविवारी आरशात पाहताना डावी बाजू उजवीपेक्षा अंमळ भरलेली दिसली. त्यानं कात्रीनं डावी थोडी कापली. मग उजवी जड वाटायला लागली. ती कापली. असं करत करत दुपारपर्यंत ओठावर चार केस उरले, आणि ते दोन-दोन असे सारखे होते. शेवटी वस्तरा फिरवून तो मोकळा झाला. सोमवारी शाळेत आला तेव्हा पोरं त्याला ओळखेनात. "काय झालं गुर्जी?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, वाफा सारखा केला."

वाफा सारखा करणं हा त्या माणसाचा मंत्र होता. घरची माळवं पिकवणारी माणसं, भाऊ अजून मळ्यात वांगी-मिरची लावायचे. वाफ्यात एक कोपरा उंच राहिला तर पाणी सगळं खोलगट भागात जाऊन बसतं आणि उंचावरची रोपं सुकतात, हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यानं उभा जन्म काढला. उंचवट्यावरची माती खड्ड्यात लोटायची, की झालं. शाळेत चहा आला की हा आधी सगळ्या कपांत डोकावणार. हॉटेलवाला माझ्या ओळखीचा होता, तो माझ्या कपात दोन घोट जास्त ओतायचा. तुळशीराम ते दोन घोट काढून मोठ्या गुर्जींच्या, म्हणजे आमच्या हेडमास्तरांच्या, कपात घालायचा, तिथले थेंबभर आणखी कुणाच्या. सगळे कप सारखे होईपर्यंत चहाचं सरबत व्हायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणे, "थंडा झाला तं झाला. सारखा तं हाये ना!"

मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचकांनी माझ्या चांगुलपणाची उगाच वाट पाहू नये. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणत असे. पण मनात मात्र 'तो'च म्हणायचो, आणि इथंही तसंच म्हणणार.

नवीन राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. चिखलीहून अमडापूरकडं जाणाऱ्या एस.टी.नं मध्येच एका फाट्यावर उतरायचं आणि धुरळा खात गावात चालत जायचं, तिथं आमची शाळा. मी मूळचा चिखलीचा, आता बिऱ्हाड गावातच. वडील कचेरीत कारकून, घरात पुस्तकं, बोलणं शुद्ध. चौथीचे दोन वर्ग होते. 'अ' माझ्याकडं आणि 'ब' तुळशीरामकडं. मोठ्या गुर्जींनी हुशार पोरं 'अ'मध्ये बसवली होती आणि उरलेली 'ब'मध्ये. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मध्ये पऱ्हाट्यांचा कूड. कापसाच्या काड्यांना शेणमातीचं लिंपण लावलं की दिसायचं बंद होतं, ऐकू यायचं बंद होत नाही. त्यामुळं तुळशीराम काय शिकवतो हे मला दिवसभर सक्तीनं ऐकावं लागे.

आणि तो बहुतेक वेळ सरासरीच शिकवायचा.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सरासरीवरची उदाहरणं हमखास येत. मी ती रीतीप्रमाणं शिकवी. सगळ्या संख्या एकाखाली एक मांडा, बेरीज करा, जितक्या संख्या तितक्यांनी भागा. स्वच्छ, सरळ, मास्तरकीच्या नॉर्मल स्कुलात शिकवलेली रीत. तुळशीराम बेरीज करूच द्यायचा नाही. "बेरीज कायले करता बे? पह्यले डोळ्यानं पाहा, वाफा कोठीसा सपाट होते. तथी खुटी ठोका. मंग कोण वर हाये, कोण खाली हाये, तेवढं पाहा."

एकदा डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी दोन्ही वर्गांना एकच उदाहरण घातलं. ज्वारीची पाच पोती, वजनं सत्त्याण्णव, एकशे दोन, नव्व्याण्णव, एकशे सहा आणि शहाण्णव किलो, तर सरासरी वजन किती? माझी पोरं पाट्या सरसावून संख्या एकाखाली एक लिहायला लागली. अक्षर काय सुंदर! रेघ काय सरळ! तेवढ्यात कुडापलीकडून एकोणीस तोंडांचा नसला तरी दहा-बारा तोंडांचा गजर झाला, "शंभर!"

डिप्टीसाहेब पलीकडं गेले. मीही गेलो, कॉपी केली असणार या आशेनं. एक शेंबडा पोरगा उभा राहून सांगत होता, "शंभरावर खुटी ठोकली साहेब. दोन आन् सहा आठ वर, तीन, एक आन् चार आठ खाली. आठातले आठ खड्ड्यात लोटले, वाफा सारखा झाला."

साहेब हसले. त्यांनी तुळशीरामच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पाठीवर नोकरीच्या इतक्या वर्षांत कोण्या डिप्टीनं हात ठेवला नव्हता. माझी पोरं उत्तर घेऊन आली तेव्हा साहेब चहा पीत होते. माझ्या पोरांचंही शंभरच आलं होतं. पण शिळ्या कढीला कोण विचारतो?

बरं, उत्तर आलं की गणित संपलं, असं शहाणा माणूस मानेल. तुळशीरामचं तिथून सुरू व्हायचं. एक उदाहरण होतं, दहा मजुरांतला पन्नास किलोचा एक मजूर गेला, त्याच्या जागी नवा आला आणि सरासरी वजन एक किलोनं वाढलं, तर नव्याचं वजन किती? साठ. पोरांनी झटकन सांगितलं. मग तुळशीराम म्हणतो कसा, "बरोबर. आता सांगा, तो पन्नासवाला गेला कोठी?"

पलीकडं एकच कल्ला. एक म्हणे सासुरवाडीला गेला. दुसरा म्हणे खामगावच्या कापसाच्या जिनात लागला. एक पोरगी म्हणाली, त्याला ताप आला असेल, म्हणून तर त्याचं वजन पन्नास. हे तुळशीरामला पटलं. मग त्याला औषध कुणी दिलं, घरी कोण कोण आहे, बरा झाल्यावर मुकादम त्याला परत घेईल का, यावर पुढचा तास. इकडं मी भागाकार शिकवतोय आणि माझ्या वर्गातला पहिल्या नंबरचा पोरगा कुडाला कान लावून बसलेला. मी छडी आपटली तर तोच मला विचारतो, "गुर्जी, घेतलं काय त्याले परत?"

अशानं कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

माझं खरं दुखणं मात्र शिष्यवृत्तीच्या जादा वर्गाचं होतं. शाळा भरायच्या आधी सकाळी मोठ्या गुर्जींच्या खोलीत निवडक पोरांचा तो वर्ग भरायचा. त्याचा पगार नव्हता, पण मान होता. त्यातलं एखादं पोरगं परीक्षेत निघालं की बाप पेढे घेऊन मास्तरच्या घरी येणार आणि बाजारात चारचौघांत पाया पडणार. हा वर्ग वर्षानुवर्षं तुळशीरामकडं होता. हुशार पोरं वर्षभर मी घासूनपुसून तयार करायची आणि सकाळच्या तासाभरात त्यांचा गुरू हा व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा.

मी मोठ्या गुर्जींच्या कानाशी लागलो. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "असं करू पाठक गुर्जी. दिवाळीच्या परीक्षेची दोन्ही वर्गाची सरासरी काढू. संक्रांतीले पुन्हा परीक्षा घेऊ. ज्याची सरासरी जास्त चढन, त्याले सकाळचा वर्ग. तुमचंही समाधान, माह्या कानालेही आराम."

दिवाळीची परीक्षा झाली. माझ्या वर्गाची सरासरी साठ आली, तुळशीरामच्या वर्गाची तीस. आणि माझ्या वर्गात शेवटचा नंबर आला सुमनचा, चाळीस मार्कांचा.

सुमन माझी मुलगी. एकुलती एक.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती मठ्ठ नव्हती. घरी आईजवळ तोंडाची टकळी चालायची. पण वर्गात मी नाव घेतलं की तिचा चेहरा पांढरा पडे. मी तिला इतरांपेक्षा जास्त विचारी, कारण मास्तरची पोरगी, तिला आलंच पाहिजे. ती बेरीज करायला घेई, हातचा विसरे, पुसे, पुन्हा विसरे. तिची पाटी नेहमी ओली. निकाल वाचताना शेवटचं नाव म्हणून मला तिचं नाव वाचावं लागलं. वर्ग हसला नाही, कारण मी मास्तर होतो. हसला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम माझ्याकडं आला. हातात भुईमुगाच्या शेंगा. दोन मला दिल्या, दोन स्वतः घेतल्या.

"पाठक गुर्जी, तुमच्यातलं एक लेकरू मले द्या."

"कोणतं?" मी सावध झालो. हा माझा पहिला नंबर पळवणार.

"सुमन."

मी चक्रावलो. "ती कशाला?"

"माह्या वर्गात सारे पोट्टे तिशीच्या आसपास हायेत. समोर पाहाले कोणी नाही त्यायले. चाळीसवालं एखादं लेकरू असलं का मांगचे सरकतात थोडे."

मी रात्रभर हिशोब केला. सुमन गेली तर माझी सरासरी वर जाणार. शेवटच्या नंबरचं नाव वाचताना जीभ अडखळणार नाही, हेही होतंच. स्वतःच्या पोरीला दुसऱ्याच्या वर्गात धाडण्यात थोडा कमीपणा होता, पण मागणारा तो होता. मागितलं त्यानं, दिलं मी. मी मोठ्या मनाचा ठरत होतो. सुमनची आई मात्र म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिकडं तरी तिच्या तोंडून शब्द फुटेल." मला ते आवडलं नाही, पण सुमन कुडापलीकडं गेली.

आता गंमत ऐका. मोठ्या गुर्जींनी नवी हजेरी केली आणि दिवाळीचे तेच मार्क नव्या याद्यांवर उतरवून मला म्हणाले, "सरासरी पुन्हा काढून द्या." मी काढली. माझ्या वर्गाची साठाची एकसष्ट झाली. ते होणारच होतं. मग तुळशीरामच्या वर्गाची काढली. तिसाची साडेतीस.

मोठे गुर्जी चष्मा पुसायला लागले. "दोन्ही चढल्या?"

"हो."

"परीक्षा कव्हा झाली?"

"झालीच नाही."

"मंग शिकलं कोण? गुर्जी, चुकून राह्यले तुम्ही. पुन्हा करा."

मी पुन्हा केली. पुन्हा एकसष्ट आणि साडेतीस. त्यांनी स्वतः केली. त्यांचं काही तिसरंच आलं, म्हणून मी पुन्हा केली. अंक खोटं बोलत नव्हते. एक घाबरट पोरगी एका कुडापलीकडं जाऊन बसली आणि शाळेतले दोन्ही वर्ग एकदम हुशार झाले होते. कुणालाही एक अक्षर जास्त आलेलं नव्हतं. मोठ्या गुर्जींना वाटलं, यात काही तरी चोरी आहे, पण चोरीला काय गेलं ते सापडेना. "अशानं तं साऱ्या तालुक्याच्या शाळा मी एका दिवसात सुधारून दाखवीन," ते हताश होऊन म्हणाले.

तुळशीराम कोपऱ्यात शेंगा सोलत बसला होता. "काऊन नाही चढणार? पाठक गुर्जीच्या वाफ्यात ती खड्डा होती. माह्या वाफ्यात ती टेकाड हाये. लेकरू तेच, मोठे गुर्जी. जागा बदलली."

माझ्या पोरीला माझ्या तोंडावर खड्डा म्हणतो! मला राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की साठाची एकसष्ट होणार एवढंच मी पाहिलं होतं, आणि साडेतीस त्यानं आधीच पाहिले होते.

पुढचे दोन महिने मी कुडाच्या अलीकडं बसून जळत होतो. सुमन तिथं पहिल्या नंबरची होती. पहिला नंबर! ज्या पोरीचा आवाज मी वर्गात कधी धड ऐकला नाही, ती मोठ्यानं सांगत होती, "खुटी पन्नासावर ठोका बे, साठावर कायले ठोकता!" माझ्या घराण्यात कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. तुळशीराम तिला रागवायचा नाही. चुकलं तर म्हणे, "खुटी थोडी सरकव माय, वाफा तुहाच हाये." आणि ती हसायची. पऱ्हाट्यांमधून ते हसणं इकडं यायचं आणि मी फळ्यावर खडू मोडायचो.

घरीही सुटका नव्हती. "गुर्जी म्हणतात" हे दोन शब्द आमच्या घरात मिठासारखे प्रत्येक गोष्टीत पडायला लागले. गुर्जी म्हणतात, पाणी उकळून प्यावं. गुर्जी म्हणतात, रागावल्यावर उत्तर चुकते. अरे, मीही गुर्जीच होतो! पण घर की मुर्गी दाल बराबर. एकदा जेवताना ही पोरगी माझ्या ताटाकडं पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही चार भाकरी घेतल्या, आईनं दोन. वाफा सारखा नाही." आई पदरात तोंड लपवून हसली. चौथी भाकरी ताटातच ठेवून मी उठलो. त्या माणसानं शाळेतून माझ्या ताटापर्यंत हात घातला होता.

मी तिला एकदा विचारलं, "माझी रीत चुकीची आहे का?"

"नाही बाबा. उत्तर तेच येते."

"मग त्यांची का आवडते?"

तिनं विचार केला. "तुमच्यात हातचा विसरला का सारं जाते. त्यायच्यात विसरलं तं थोडंसंच जाते."

मी पेपर तपासायला घेतले.

संक्रांतीची परीक्षा चार दिवसांवर आली. सुमन पाट्यांवरच्या सरावात ऐंशीच्या वर जात होती, हे मला ऐकू येत होतं. बाकीची पोरं होती तशीच हळूहळू सरकत होती. सुमन एकटीच त्याच्या वर्गाला दोन-अडीच मार्कांनी उचलणार, आणि सकाळचा वर्ग त्याच्याकडंच राहणार. माझ्याच पोरीच्या जोरावर! मी दात-ओठ खाऊन बसलो होतो, कारण त्याला दोष द्यायलाही जागा नव्हती. तिला दिली होती मी.

तेवढ्यात तो तिचं बोट धरून माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. तिच्या खांद्याला दप्तर, डोळे लाल.

"घ्या तुमची पोट्टी."

"का? काय केलं तिनं?"

"काही नाही केलं. काम झालं तिचं माह्याकडचं."

मला वाटलं, यात डाव आहे. मी मनात घाईनं हिशोब केला, बेरीज करून भागाकार करून, माझ्या रीतीनं. डाव नव्हता. ती आली की माझी सरासरी चढणार होती आणि त्याची उतरणार होती. पहिल्या वेळी दोघांचा फायदा झाला होता. या वेळी फक्त माझा. आणि ज्या माणसाला साडेतीस आधी दिसले होते, त्याला हे दिसलं नसेल, असं मी स्वतःलाही पटवू शकलो नाही.

"मले नाही याचं इकडं," सुमन म्हणाली. सगळ्या वर्गासमोर, बापासमोर. मला कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं.

तुळशीराम तिच्यापुढं उकिडवा बसला. "असं नसते म्हणत, माय. तुहा वर्ग हाच हाये. जाय, बस." मग उठला आणि माझ्याकडं न पाहता पलीकडं गेला. त्या दिवशी कुडापलीकडून काहीच ऐकू आलं नाही. तो पोरांना शुद्धलेखन घालून बसला असावा.

परीक्षा झाली. सुमनला ब्याऐंशी मार्क मिळाले. माझ्या वर्गाची सरासरी साठाची बासष्ट झाली, त्याच्या वर्गाची तिसाची साडेएकतीस. अर्ध्या मार्कानं मी जिंकलो. मोठ्या गुर्जींनी सकाळचा वर्ग माझ्या नावानं लिहिला आणि माझ्या पाठीवर हातही ठेवला. ज्या हाताची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती, तो असा ठेवला गेला आणि मला काही वाटलं नाही. नाही म्हणायला चीड आली. जिंकूनसुद्धा मला त्या माणसाचाच मत्सर वाटत होता.

शाळा सुटल्यावर तो फाट्यापर्यंत फिरायला गेला होता, तिथं मी त्याला गाठलं. "तुळशीराम गुर्जी, खरं सांगा. तुम्ही तिला परत का दिली? वर्ग गेला ना तुमच्या हातचा."

त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"गुर्जी, तुमच्या वर्गात आता तिचा नंबर कितवा आला?"

"दुसरा."

"झालं तं मंग," तो म्हणाला. "बापाच्या वर्गात पोरीनं शेवटी बसणं चांगलं नाही दिसत. माह्याकडं पह्यली आली तं त्याचा काय उपेग? दुसऱ्याच्या घरी पह्यली. तुमच्याकडं वर याले पाह्यजे होती ती." आणि जरा थांबून म्हणाला, "पोट्टी घरी माह्यंच नाव घेते, असं वहिनी सांगत होत्या. मले बरं नाही वाटलं ते. म्हंजे बरं वाटलं, म्हणून बरं नाही वाटलं."

मग एस.टी. आली म्हणून तो बाजूला झाला. तो कुठं जाणार नव्हता, त्याची खोली गावातच होती. शाळेमागं, एका खाटेची. लग्न त्यानं केलं नव्हतं. बहिणींची करता करता राहून गेलं, असं भाऊ सांगत. मळ्यात भावांचा संसार वाढला तसा हा गावात राहायला आला. यापेक्षा जास्त कुणाला माहीत नव्हतं, आणि गाव चेष्टेच्या पलीकडं कधी गेलं नाही.

मी घरी हे सांगितलं, तर सुमनची आई उठून उभी राहिली. "रविवारी त्यांना जेवायला बोलवा. रोडगे करते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? वर्ग तुम्हाला मिळाला तो काय तुमच्या भागाकारानं?"

मी बोलावलं. मनातून नव्हतं, पण बोलावलं. रविवारी दुपारी तो धुतलेलं धोतर आणि इस्तरीची टोपी घालून आला. परसात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी होती, वरण होतं. सुमन नुसती नाचत होती. वाढायचं तिनंच ठरवलं. माझ्या आधी त्याच्या पानात रोडगा पडला. मी पाहिलं आणि गिळलं.

जेवता जेवता ती म्हणाली, "गुर्जी, आमच्या घराची सरासरी काढू? वयाची?"

"काढ की."

"बाबा अडतीस, आई अठ्ठावीस, मी नऊ." तिनं डोळे मिटले. "खुटी पंचवीसवर. बाबा तेरा वर, आई तीन वर, मी सोळा खाली. पंचवीस!"

"शाब्बास!" तो खूश होऊन मांडीवर हात मारत म्हणाला. "पंचवीस वर्साचं घर. भर जवानीतलं घर हाये तुमचं, गुर्जी."

"आता तुमच्या घराची काढू," सुमन म्हणाली. "सांगा."

तो रोडगा कुस्करत होता. बोटं थांबली. मग पुन्हा चालायला लागली.

"एकट्याची सरासरी नसते काढत, माय," तो म्हणाला. "एकानं भागलं का तोच हाती येते पुन्हा. कितीबी खेपा भागा."

सुमनच्या आईनं वरणाची पळी परत पातेल्यात ठेवली. मी माझ्या पानात पाहत होतो. त्याच्या आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. वर्गात नियम सांगावा तसा त्यानं तो सांगितला होता. नऊ वर्षांच्या पोरीला त्यात काय कळलं कुणास ठाऊक. तिला उत्तर न येणारी उदाहरणं आवडत नसत.

"मंग तुमचं वय सांगा."

"कायले?"

"सांगा ना."

"पंचेचाळीस."

तिनं पुन्हा डोळे मिटले, ओठ हलवले, बोटं मोजली. "तीस," ती म्हणाली. "चौघांची तीस."

माझं घर, माझं परसू, माझी पोरगी, आणि तिनं मला न विचारता त्याला आत घेऊन चारनं भागून टाकलं. मला म्हणायचं होतं, सुमन, घर तिघांचं आहे, पुन्हा कर. शब्द ओठावर आला होता. मी त्याच्याकडं पाहिलं आणि शब्द गिळला.

"पाहा बरं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तुमचं जवान घर म्या म्हातारं करून टाकलं."

"पाचच वर्सं तं चढली, गुर्जी," सुमन म्हणाली आणि त्याच्या पानात तूप सोडू लागली.

तो खाली मान घालून बसला. तूप पानाबाहेर ओघळायला लागलं, तरी त्यानं हात आडवा केला नाही. आख्ख्या तालुक्यात ज्याला उत्तर दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे, तो माणूस म्हणाला, "पुन्हा सांग बरं माय. किती आली?"

"तीस."

"चौघांत?"

"हाव, गुर्जी. चौघांत."